सायकल घेतली नसती तर

बाईंना सगळे जरतरबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग बाईंना त्याचं काही वाटत नाही हे लक्षात आल्यावर तोंडावरही म्हणू लागले. इंग्रजीतली जर-तरची वाक्यं शिकवावीत तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती होती. वय बावन्न, बांधा काटक, चाल भरभर आणि पर्समध्ये कायम लोकरीचा एक गुंडा. लग्न केलं नव्हतं. कोणी खोदून खोदून विचारलंच तर म्हणत, "ते वाक्य दुसऱ्या प्रकारातलं आहे." दुसरा प्रकार म्हणजे निव्वळ कल्पनेतला. पहिला प्रकार पुढे घडू शकेल त्याचा, आणि तिसरा मागे घडून गेलेल्याचा, जे आता काही केल्या बदलत नाही.

शाळेत असताना बाई हे सगळं फळ्यावर सूत्रं लिहून शिकवत. सव्वीस वर्षं शिकवलं. पोरं पैकीच्या पैकी मार्क काढत. मग एके दिवशी बाजारातून येताना त्यांनी पाहिलं की रस्त्याच्या कामासाठी खणलेल्या खड्ड्यात एक परदेशी पाहुणा पडलाय आणि काठावर त्यांचाच एक जुना, पहिल्या नंबरचा विद्यार्थी उकिडवा बसलाय. 'हात द्या, वर ओढतो' एवढंच सांगायचं होतं. पण तो घामाघूम होऊन म्हणत होता, "इफ, मग साधा वर्तमानकाळ, स्वल्पविराम, विल..." खड्ड्यातला माणूस मान डोलावत होता. शेवटी एका भाजीवालीने काही न बोलता हात पुढे केला आणि त्याला बाहेर काढलं.

त्या दिवशी बाई घरी आल्या आणि खडूंची पेटी शेजारच्यांच्या नातीला देऊन टाकली. पुढल्याच वर्षी शाळा सोडली आणि सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर मोठ्या माणसांसाठी सकाळी आठ ते साडेनऊ वर्ग काढला. फळा नाही, सूत्र नाही, फक्त बोलायचं. कधी 'मी तुमच्या जागी असतो तर' म्हणत एकमेकांच्या खुर्च्यांत बसायचं, कधी निर्जन बेटावर अडकायचं. सगळ्यांचा लाडका सराव म्हणजे साखळी. सगळे गोल बसत. बाई लोकरीचं टोक हातात धरून एक वाक्य बोलत आणि गुंडा कोणाकडे तरी फेकत. ज्याने झेलला त्याने आधीच्या वाक्याची शेपटी धरून आपलं वाक्य सुरू करायचं, लोकर धरून ठेवायची आणि गुंडा पुढे फेकायचा.

त्या सकाळी तिसरा प्रकार होता. बाईंनी सुरुवात केली, "इफ माय फादर हॅड नॉट बॉट अ बायसिकल, ही वुड नॉट हॅव गॉट अ जॉब." माझ्या वडिलांनी सायकल घेतली नसती, तर त्यांना नोकरी मिळाली नसती. खरीच गोष्ट होती. बाईंचे बाबा घरोघर जाऊन विजेच्या मीटरवरचे आकडे टिपून आणत, आणि त्या नोकरीला सायकल लागायची.

गुंडा बेकरीवाल्याने झेलला. नोकरी मिळाली नसती तर ते या गावात आले नसते, असं तो म्हणाला. मग पार्लरवाली म्हणाली, ते या गावात आले नसते तर बाई इथल्या शाळेत शिकवायला लागल्या नसत्या. तिथून गुंडा बसच्या ड्रायव्हरकडे गेला. ड्रायव्हर जरा थांबला, डोकं खाजवलं आणि एकदम खूश होऊन म्हणाला, "इफ बाई हॅड नॉट टॉट, माय मेव्हणा वुड नॉट हॅव फेल्ड इन इंग्लिश!"

सगळे हसले. बाईही हसल्या, पण जरा उशिराने.

"ब्रदर-इन-लॉ म्हणायचं. पुढे."

"इफ ही हॅड नॉट फेल्ड, ही वुड नॉट हॅव बिकम..." त्याला गवंड्याचा इंग्रजी शब्द आठवेना, म्हणून त्याने हवेत थापी फिरवून दाखवली आणि गुंडा फेकला. तो आला पालिकेच्या पाणीखात्यातल्या कारकुनाच्या हातात. या कारकुनाला वर्गात टिपकागद म्हणत, कारण जे कानावर पडेल ते तो वहीत उतरवून घेई. बाई शिंकल्या तरी लिहून घेई. वर्षभरात त्याचं एकही वाक्य धड झालेलं नव्हतं. पण आज तो उठून उभा राहिला आणि एका दमात बोलला की मेव्हणा गवंडी झाला नसता, तर त्याने पाण्याच्या टाकीला गिलावा केला नसता, आणि त्याने गिलावा केला नसता, तर टाकी गळली नसती.

क्रियापदं जागच्या जागी होती. बाईंचे डोळे भरून आले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. टिपकागद खाली बसला आणि आधी सगळी साखळी, मग टाळ्याही वहीत लिहून घेतल्या.

गोष्ट इथेच संपायची. पण टिपकागदाच्या टेबलावर अकरा वर्षं एक फाईल पडून होती. गावाची मोठी टाकी गळत होती, तिची फाईल. तिच्यात सगळे रकाने भरलेले होते, फक्त 'गळतीचे मूळ कारण' हा रकाना कोरा होता, आणि तो भरल्याशिवाय फाईल पुढे सरकत नव्हती. टिपकागद त्या दिवशी ऑफिसात गेला, वही उघडली, फाईल उघडली आणि शाईच्या पेनाने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'इंग्रजीच्या शिक्षिकेच्या वडिलांनी सायकल खरेदी करणे.' वरच्या साहेबांनी सही केली. अकरा वर्षांनी भरलेला रकाना बघून त्यांना इतकं बरं वाटलं की आत काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं नाही.

आठव्या दिवशी बाईंच्या घरी नोटीस आली. बाबांच्या नावाने.

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांना पत्र येऊन युगं लोटली होती. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि नोटीस तीनदा वाचली. आपण सायकल खरेदी केल्यामुळे सार्वजनिक टाकीस गळती लागल्याचे निष्पन्न झाले आहे, तरी आपणांवर कारवाई का करू नये याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.

"काय आहे हो?" आईने आतून विचारलं.

"गावची टाकी गळतेय ना," बाबा जपून म्हणाले, "ती माझ्यामुळे."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "तुमच्यामुळे? तुम्हाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही. मागच्या वेळी ठोकलात तर भिंत राहिली नि अंगठा गेला."

"अगं, प्रत्यक्ष नाही. मूळ कारण म्हणतात ते."

"मूळ कारण! अहो, तुम्ही असलात काय नि नसलात काय, मीटर आपले फिरतच होते." हे ती गेली पन्नास-पंचावन्न वर्षं म्हणत होती, रागाने नाही, दूध उतू जातंय म्हणावं तशा सुरात. बाबांनीही ते कधी खोडून काढलं नव्हतं. आज त्यांनी नोटिशीची घडी घातली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून बसून राहिले.

बाई संध्याकाळी घरी आल्या आणि त्यांनी नोटीस वाचली. दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी टिपकागदाला जिन्यातच गाठलं.

"अहो, काय केलंत हे? तो वर्गातला सराव होता!"

"बाई, माझं काही चुकलं का?" त्याचा चेहरा पडला. "तुम्हीच सांगितलंत, तिसऱ्या प्रकारात जे बोलतो त्याच्या उलट खरं घडलेलं असतं. सायकल घेतली नसती म्हणजे सायकल घेतली. टाकी गळली नसती म्हणजे टाकी गळतेय. दोन्ही खरंच आहे ना?"

"आहे, पण..."

"मग वाक्य चुकलं का?"

बाईंनी वाक्य चुकलं म्हणून सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण सव्वीस वर्षं आणि वर सहा, एकूण बत्तीस वर्षांत त्यांनी बरोबर वाक्याला चूक म्हटलं नव्हतं. म्हणजे एकदा म्हटलं होतं, आणि तेच नेमकं त्यांना सतावत होतं. ड्रायव्हरचा मेव्हणा. परीक्षेत त्याने लिहिलं होतं, 'मी पक्षी असतो तर मी पक्षी असतो.' नमुना उत्तरात 'उडालो असतो' होतं. बाईंनी शून्य दिलं होतं, आणि तो दोन मार्कांनी गेला होता. वाक्यात काडीची चूक नव्हती.

"वाक्य बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

घरी बाबा खुलासा लिहायला बसले होते. पाचव्या दिवशी तो चौदा पानांचा झाला. सायकल कोणाकडून घेतली, रंग निळा कसा, घंटी वाजत नसे म्हणून आपण तोंडाने 'टिंग' कसं म्हणत असू, हे सगळं त्यात होतं. शेवटची ओळ होती: 'तरी सदर गळतीची जबाबदारी मी स्वीकारतो.'

"बाबा, 'स्वीकारतो' लिहू नका! मी त्यांना जाऊन समजावते."

"काय समजावशील?"

"की तुमचा काही संबंध नाही म्हणून."

बाबांनी पेनाचं टोपण लावलं. "पोरी, मी अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या मीटरवरचे आकडे लिहिले. एक आकडा माझा नव्हता. आता एवढी मोठी टाकी माझ्या नावावर लागलीय, आणि तू म्हणतेस संबंध नाही? राहू दे की जरा."

बाईंनी चौदा पानांना टाचणी लावून दिली.

चौकशी पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर ठेवली होती. लांबट टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडावर पाण्याचा जग, आणि जगाखाली बशी, कारण जगही गळत होता. मधोमध चौकशी साहेब, त्यांच्या डाव्या हाताला पाणीखात्याचे इंजिनीयर आणि उजव्या हाताला लघुलेखिका. बाबा इस्त्रीचे कपडे घालून, चौदा पानं छातीशी धरून आले होते. आईही आली. "एकट्याला सोडलं तर कशाला काय कबूल करतील त्याचा नेम नाही," असं तिचं म्हणणं. साक्षीदार म्हणून अख्खा वर्ग हजर होता, आणि ड्रायव्हरने मेव्हण्यालाही ओढून आणलं होतं. तो हातापायाला चुना लागलेल्या अवस्थेतच दाराशी उभा होता.

"साखळी म्हणून दाखवा," साहेब म्हणाले. ते सज्जन होते आणि कुठलंही काम अर्धवट सोडत नसत.

"लोकर लागेल," टिपकागद म्हणाला.

बाईंनी पर्समधून गुंडा काढला. वर्ग टेबलाभोवती गोल बसला आणि साखळी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. लोकर जगाभोवती, फायलींवरून आणि इंजिनीयरांच्या कोपराखालून गेली. लघुलेखिकेने एकही शब्द न गाळता उतरवून घेतलं. साहेब प्रत्येक दुव्याला मान डोलावत होते.

"कुठेच तुटत नाही," ते शेवटी म्हणाले. "आजोबा, तुम्हाला काही सांगायचंय?"

"मला मान्य आहे," बाबा उठून म्हणाले. "चौदा पानं आहेत. वाचू का?"

"थांबा!" बाई उभ्या राहिल्या. हातातली लोकर ताणली गेली आणि बेकरीवाला पुढे ओढला गेला. "साहेब, एक दुवा माझा आहे. ते मूल नापास झालं ते माझ्यामुळे. त्याचं वाक्य बरोबर होतं आणि मी शून्य दिलं. काय लिहायचं असेल ते माझ्या नावावर लिहा. सायकलीला कशाला बोल लावता?"

बाई मेव्हण्याकडे वळल्या. चाळिशीचा गडी, केस पांढरे, निम्मे वयाने आणि निम्मे चुन्याने.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुझं आयुष्यच बदललं माझ्यामुळे."

मेव्हणा गोंधळला. "कसलं बाई? मला तर शाळेच्या आधीपासून गवंडीच व्हायचं होतं. आमच्या आज्याची थापी होती. तुम्ही मला जरी पास केलं असतंत, तरी मी गवंडीच झालो असतो."

लघुलेखिकेचं पेन थांबलं. "हे कसं लिहू? यात 'जर-तर' नाही."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "जरी-तरी! साहेब, हा वेगळा प्रकार आहे. इव्हन इफ! अट पाळली काय, न पाळली काय, निकाल तोच. मी अजून वर्गात शिकवलेला नाही, पुढच्या महिन्यात घेणार होते."

"मग साखळीचं काय होतं?"

"तुटते. नापास होण्याचा आणि गवंडी होण्याचा संबंधच उरत नाही."

एका वेलांटीने सगळी चौकशी आडवी झाली. पार्लरवालीने आणि ड्रायव्हरने एकमेकांकडे पाहून लोकर सोडून दिली. वर्गाला आनंद झाला. टिपकागद खाली मान घालून 'जरी' आणि 'तरी' लिहून घेत होता. फक्त बाबा तसेच उभे होते. हातातली चौदा पानं हळूहळू खाली आली.

"म्हणजे," त्यांनी विचारलं, "माझ्यामुळे नाही?"

आईने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ती साहेबांकडे वळली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "असं कसं नाही? लिहिलंय ना तुम्ही? शाईने लिहिलंय. लिहिलेलं काय कोणी येऊन पुसायचं?"

साहेबांनी फाईल उघडली आणि रकाना पाहिला. खाडाखोड करायची तर नवी फाईल करावी लागली असती, आणि नव्या फायलीत सगळे रकाने कोरे. "बरोबर आहे आजींचं," ते गंभीरपणे म्हणाले. "नोंद झालेली आहे. नोंद राहील."

बाबा खाली बसले. खुर्चीत जरा सैलावून बसले.

"पण मग टाकी गळते कशाने?" पार्लरवालीने विचारलं.

"गळत नाहीच ती," दारातून मेव्हणा म्हणाला. "गिलावा अजून ठणठणीत आहे. वरच्या नळाचा वायसर गेलाय, त्यामुळे पाणी बंद होत नाही आणि टाकी भरून वाहते. मी तेव्हाच सांगितलं होतं. कोणी शिडी चढून बघितलंच नाही."

आता सगळे इंजिनीयरांकडे बघू लागले. लोकरीचा गुंडा घरंगळत घरंगळत नेमका त्यांच्यापुढे येऊन थांबला होता. त्यांनी तो उचलला, कारण गुंडा हातात आला की बोलायचं असतं हे एव्हाना त्यांनाही कळलं होतं. त्यांचे कान लाल झाले.

"इफ आय हॅड क्लाइम्ड द लॅडर," ते अडखळत म्हणाले, "आय वुड हॅव सीन इट."

"उत्तम!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"वाक्य बरोबर आहे?" साहेबांनी विचारलं.

"अगदी निर्दोष."

"आणि अर्थ?"

"हे शिडी चढले नाहीत."

साहेबांनी रकाना पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले की मूळ कारणाच्या रकान्यात एकच ओळ आहे आणि ती भरलेली आहे, त्यामुळे इंजिनीयरांचं वाक्य केवळ भाषेचा नमुना म्हणून नोंदवावं. सही झाली. जाताना मेव्हण्याने विचारलं, "तर मग बसवू का वायसर?" त्याला कोणी हो म्हणालं नाही आणि नाहीही म्हणालं नाही, म्हणून तो गेला, शिडी चढला आणि चहा निवायच्या आत बसवून खाली आला. अकरा वर्षांचं पाणी थांबलं.

पंधरवड्याने बाबांना अंतिम पत्र आलं. वय लक्षात घेता कारवाई न करता केवळ समज देण्यात येत आहे. यापुढे सायकल खरेदी करताना सार्वजनिक बांधकामांवर होणाऱ्या परिणामांचा विचार करावा. बाबांनी ते पत्र काचेत बसवून घेतलं आणि पाहुण्यांच्या खुर्चीसमोर लावलं. खिळा मेव्हण्याने ठोकला. मीटर वाचायला आलेल्या मुलीलाही बाबांनी ते पत्र दाखवलं. ती मान हलवून म्हणाली, "बापरे आजोबा, तुम्ही?" त्यानंतर दोन दिवस बाबा जेवताना स्वतःशीच हसत होते.

बाईंच्या वर्गाला मात्र गर्दी झाली. पालिकेने पाणीखात्याच्या सगळ्या माणसांना इंग्रजी सक्तीचं केलं. इंजिनीयर पहिल्या रांगेत बसू लागले. आता साखळी सुरू करण्याआधी बाई सगळ्यांच्या वह्या गोळा करून कपाटात ठेवतात, आणि टिपकागदाचं पेनही काढून घेतात. तो शेजाऱ्याचं पेन मागून हातावर लिहितो, पण हात धुतले जातात.

प्रकरण तेवढ्यावर थांबेल असं वाटलं होतं. पण टाकीच्या खाली एक रोपवाटिका होती. वरून सांडणाऱ्या पाण्यावर ती अकरा वर्षं फुलली होती. महिन्याभरात रोपं माना टाकू लागली आणि मालकिणीने अर्ज दिला. पालिकेत नवी फाईल उघडली. एका सकाळी टिपकागद वाचनालयात न जाता थेट बाईंच्या घरी आला. काखेत फाईल, चेहरा ओढलेला.

"बाई, रकाना आहे. 'पाणी थांबण्याचे मूळ कारण'. चौकशी झाली म्हणून मेव्हणा आला, मेव्हणा आला म्हणून वायसर बसला. मागे मागे जात मी पुन्हा सायकलीपाशीच येतोय. आजोबांना दुसरी नोटीस काढू का?"

बाबा खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा. इतक्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"पुन्हा ह्यांनाच? सायकल आणायचं ह्यांच्या डोक्यात तरी होतं का? हे छत्री आणायला निघाले होते. सायकल आणा म्हणून मी सांगितलं. चौदा पानांत त्याचा एक शब्द नाही!"

"अगं, राहून गेलं," बाबा म्हणाले.

"राहून कसं जाईल?" आईने खुर्ची ओढली, टिपकागदाच्या हातातली फाईल घेतली आणि टेबलावर पसरली. "नोटीस माझ्या नावाने काढा. नाव मी सांगते तसं लिहा, सासरचं नि माहेरचं, दोन्ही. आणि अगं, तू नुसती उभी काय राहिलीस? कागद आण."

बाई कागद आणायला आत गेल्या. किती आणावेत ते कळेना, म्हणून त्यांनी सगळाच गठ्ठा उचलला.